आमची खोकायची

तंबाखूच्या पोत्यांखालून काढली तेव्हा
शिंका आधी आल्या, मोटरसायकल नंतर.
अक्कोळ. नेमगोंडा चौगुल्यांचं गोदाम.
एकतीस वर्षं एकाच टायरवर उभी,
दुसरा उंदरांनी नेलेला.
बीएसए, पाचशे सीसी, बेचाळीस सालची,
टाकीच्या पोटाशी, जिथं कुणाचा ब्रश पोचला नाही,
तिथं अजून लष्करी हिरवा.

कमळाक्कांनी पैसे मोजले नाहीत.
म्हणाल्या, "चालू झाली की दारात आण. एवढंच."

वडगावातली माझी खोली आधी विणकराची होती.
माग गेला, मागाचा खड्डा राहिला.
त्यात पाय सोडून बसलं
की इंजिन बरोबर छातीशी येतं.

पहिलाच नट.
बाराचा पाना सैल, अकराचा बसेना.
इंची आणला, तोही घसरला
नटाचा कोपरा खाऊन.
गल्लीच्या टोकाचा शिवपुत्र हुक्केरी, उद्यमबागेतला टर्नर,
वाकून बघतो, "स्वल्प तडी" म्हणतो,
आणि बापाच्या पेटीतून तीन काळे पाने आणतो,
ज्यांच्यावरचा आकडा कुठल्याच पट्टीशी जुळत नाही.
"व्हिटवर्थ. पंचावन्न अंशांचा आटा.
आता सगळीकडं साठ."
पाच अंश.
बोटाला कळत नाहीत. बोल्टला कळतात.

मागची नंबरपाटी मी पॉलिश पेपरनं घासत होतो.
पांढऱ्याखाली काळा,
काळ्याखाली मैसूरची अक्षरं,
त्याखाली मुंबई इलाख्याची,
सगळ्यात खाली फौजेचा आकडा, अर्धा.
पत्रा एकच. त्याचे दोन स्क्रू
एकदाही सुटलेले नाहीत.
शिवपुत्र बघत राहिला, मीही.
या विषयावर आम्ही बोलत नाही.
त्यानं चहा सांगितला.

टायमिंगचं झाकण तडकलेलं.
ते बाजारात मिळत नाही, पण मी पॅटर्नमेकर,
छत्तीस वर्षं फौंड्रीसाठी लाकूड कोरलं.
माझी पट्टी इतरांच्या पट्टीपेक्षा केसभर लांब:
ओतलेला धातू निवताना आकसतो,
ते आधीच धरून चालायचं.
खानापूरच्या सागवानात झाकण कोरलं,
पाच रात्री, चष्म्यावर भुसा.
"काय करूलास अजून? जेवण निवलं,"
आतून भारती. तेही निवताना आकसतं,
हे मी बोललो नाही.
इनास सोजनं दुपारच्या सुट्टीत ॲल्युमिनियम ओतून दिलं.
बिल नाही. फक्त, "कुणाला सांगू नको."

मॅग्नेटो कॅम्पातल्या कासमसाबकडं दोन महिने.
त्याचे हात थरथरतात,
तार गुंडाळताना थरथरत नाहीत.

अकरा किका. काही नाही.
बाराव्या किकेनं माझा गुडघा झिणझिणला
आणि खड्ड्यातली जुनी धूळ उठून बसली.
शिवपुत्र म्हणाला, "आतु."
झालं.

मग कार्ब्युरेटर तीनदा खोलला,
जेट सुईनं साफ केला,
टॅपेट पानाच्या जाडीनं लावले,
इतकी की स्टँडवर चालू ठेवून
टाकीवरचा पितळी नट उभा केला, पडला नाही.

रविवारी निघालो. संकेश्वरला इंजिन निववलं.
अक्कोळच्या दारात उभी केली, चालूच.
पोरं जमली. कमळाक्का उंबऱ्याला टेकून
बराच वेळ ऐकत राहिल्या.
"ही न्हवं," म्हणाल्या.
"आमची खोकायची.
वेशीपासून कळायचं, आले म्हणून.
मी आमटी चुलीवर चढवायची."

माझ्या तोंडात उत्तर होतं,
टॅपेटचं, जेटचं, उभ्या राहिलेल्या नटाचं.
शिवपुत्रनं मागून पाठीला बोट लावलं.
मी हवेची कळ बंद केली,
ठिणगीची कळ मागं ओढली.
इंजिन अडखळलं, त्याला धाप लागली,
काळा धूर सोडून खोकलं, पुन्हा खोकलं.

"हां," म्हणाल्या,
आणि आत वळून कुणाला तरी
चहाचं आधण वाढवायला सांगितलं, कानडीत.

परतताना संकेश्वरपर्यंत मी कळ तशीच ठेवली.
शिवपुत्र मागून ओरडत होता:
पेट्रोल, अरे पेट्रोल.